उन्हात पडलेले तीन होज

शुक्रवार, १० मे

“वहिनी, होज मेला की त्याला कापायचा. नाही कापला तर तो परत येतो.”

आत्माराम सारंग मला हे म्हणाला त्याला अठरा वर्षं होऊन गेली. आज दुपारी रायबरेली रोडवरच्या उन्हात उभी असताना ते वाक्य इतक्या जवळून ऐकू आलं की मी मागे वळून पाहिलं.

विश्वजित चष्मा घरी विसरला होता. मी शिकवते ती छावनीतली शाळा लवकर सुटली म्हणून तिथून परस्पर स्कूटीवर त्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तेलीबागेच्या पुढे, शेतं सुरू होतात तिथे सिमेंटचं एक अर्धं जहाज उभं आहे. त्याला धुराडं आहे, डोलकाठी आहे, कठडे आहेत, फक्त पाणी नाही. मर्चंट नेव्हीत जायचं स्वप्न घेऊन आलेली मुलं तिथे पांढऱ्या गणवेशात घाम गाळतात. विश्वजित त्यांना डेकवरची कामं शिकवतो. मेडिकल तपासणीत नापास होऊन तो समुद्रावरून परतला तेव्हा त्याला कुणीच विचारत नव्हतं. त्याच्या जुन्या कॅप्टननी, श्रीवास्तवांनी, इथे बोलावून घेतलं. इन्स्टिट्यूट त्यांचंच. आम्ही राहतो ते घरही त्यांनीच मिळवून दिलं.

मागच्या यार्डात तीन होज पडले होते. भर समुद्रात दोन जहाजं एकमेकांना खेटून उभी राहतात आणि एकातलं तेल दुसऱ्यात जातं, ते या होजमधून. माणसाच्या मांडीहून जाड, काळ्या रबराचे, आत पोलादी तारेची वेटोळी, दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या. परीक्षेत बाद झालेले हे तीन गुजरातच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याशा कंपनीने थंडीत मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून पाठवले. बाद होज कापून टाकायचा असतो. पण कॅप्टन म्हणाले, तुकड्यांवर मुलं काय शिकणार, अखंडच राहू देत. विश्वजितने तेव्हा मला कौतुकाने नेऊन दाखवले होते. शेडमध्ये, लाकडी ओंडक्यांवर सरळ ठेवलेले, तोंडांना झाकणं.

आज ते उघड्यावर होते. एक तर कुंपणाच्या खांबाभोवती वळवून टाकलेला. झाकणं नाहीत, आत वाळू. हात लावला तर चटका बसला.

हे विश्वजितच्या हातून होणं शक्य नाही. लग्नानंतर मी चार महिने त्याच्याबरोबर टँकरवर होते. होज उचलायची वेळ आली की त्याचा आवाजच बदलायचा. मध्यावर एकाच जागी धरून उचलायचा नाही. तीन-चार ठिकाणी रुंद पट्टे लावायचे, तार लावायची नाही. वळवायचा तर मोठ्या, सैल वळणाने. काम झालं की निथळवून, धुऊन, तोंडं बंद करून सावलीत सरळ निजवायचा. निजवायचा, हाच त्याचा शब्द. मी चिडवायचे, “माझ्या अंगावर पांघरूण घालायचं विसरतोस, होजच्या नाही.”

त्याच जहाजावर एक होज परीक्षेत नापास झाला. दोन्ही तोंडांना जाड काच लावून आतली हवा खेचून घेतात आणि बॅटरीच्या उजेडात आत बघतात. बाहेरून नवाकोरा, पण आतलं अस्तर सुजलेल्या हिरडीसारखं लोंबत होतं. डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग, हर्णैचा आत्माराम, त्याने मला बोलावून दाखवलं. “बघा वहिनी, बाहेरून अगदी नवरदेव.” मग तो आणि विश्वजित होज कापायला बसले. टँकरवर ठिणगी चालत नाही, म्हणून हातकरवतीने, वरून सतत पाणी ओतत. मी म्हटलं, पाणी मी ओतते. विश्वजित म्हणाला, “तू लांब उभी राहा.” सारंगाच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. मी बघतेय हे त्याच्या लक्षात आलं, तो हसला. “एक होज परत आलेला. रंग लावून, नवा नंबर घालून.” आणि मग ते वाक्य.

चष्मा देताना मी विश्वजितला विचारलं, होज असे का टाकलेत?

“असू दे गं. बादच आहेत.”

हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

रविवार, १२ मे

आज सुट्टी असून तो यार्डात गेला. मुलांनासुद्धा रविवार असतो. काय काम आहे विचारलं तर म्हणाला, थोडं आवरायचंय. परत आला तो हात कोपरापर्यंत काळे.

संध्याकाळी पद्माताई ताक घेऊन आल्या. त्यांचे यजमान सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि सांगलीला परत न जाता इथेच राहिले. पद्माताईंचं मन मात्र अजून सांगलीच्या गल्लीत आहे, तिथल्यासारखं सगळ्यांच्या घरात डोकावतं.

“विश्वजितराव रविवारीपण ड्यूटीवर?”

“हो. काहीतरी आवरायचं होतं.”

“आवरायला गेले होते होय. आमचे हे पण जबलपूरला असताना रविवारी स्टोअर आवरायला जायचे. तिथली स्टोअरकीपरीण केरळची होती. नाकीडोळी नीटस.”

“मग?”

“मग काय, मी डबा घेऊन जायला लागले. आपोआप आवरलं स्टोअर.”

मी हसले. सिमेंटच्या जहाजावर एकही बाई नाही. तरी त्याचा शर्ट धुवायला टाकताना मी तो नाकाशी धरला. तापलेल्या रबराचा वास होता. थोडा घाम. हे मी का केलं ते लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

गुरुवार, १६ मे

नाना, म्हणजे माझे सासरे, छप्पन वर्षांचे असताना पहिल्यांदा दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात ठेवून आले. सगळे हसलो होतो. चार वर्षांनी ते विश्वजितला “तुम्ही कुठून आलात?” असं अदबीने विचारायचे.

विश्वजित पन्नासचा आहे.

मंगळवारपासून ही एकच गोष्ट डोक्यात आहे. बाईबिई काही नाही. ज्या माणसाला झोपेतसुद्धा होज कसा ठेवायचा ते पाठ आहे, तो माणूस मे महिन्यात होज उघड्या तोंडाने उन्हात टाकतो. मुद्दाम कोण टाकेल? त्याला आठवतच नाहीये.

मी त्याच्या नकळत त्याची परीक्षा घेते आहे. काल बाजारातून आणायच्या सात वस्तू तोंडी सांगितल्या. सहा आणल्या, कोथिंबीर राहिली. ओट्याशी पाठ करून उभी राहिले, डोळे भरून आले होते. आज सहज विचारल्यासारखं विचारलं, आपल्या स्वरदाची दहावी कुठल्या वर्षी झाली? त्याने बरोबर सांगितलं. मग आपलं लग्न कुठल्या वारी होतं? तेही सांगितलं आणि घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

“नेत्रा, काय चाललंय?”

“काही नाही.”

“मम्मी आपका इंटरव्यू ले रही हैं पापा,” स्वरदा म्हणाली. “आज सुबह मुझसे भी पूछ रही थीं कि आप चाबी कहाँ रखते हो.”

ही मुलगी मराठी सगळं समजते आणि हिंदीत सगळं उघडं करते.

तो हसला. मग विचारलं, “आज टेम्परेचर किती होतं?”

“चव्वेचाळीस,” स्वरदा म्हणाली.

“छान,” तो म्हणाला.

चव्वेचाळीस आणि छान. हेही मी मनात नोंदवून ठेवलं.

बुधवार, २२ मे

कालपासून शाळेला सुट्टी लागली. विश्वजित मुलांना घेऊन अमौसीला अग्निशमनाचं प्रात्यक्षिक बघायला जाणार होता, म्हणून यार्डात आजच गेले. पद्माताईंचा डब्याचा उपाय मी वेगळ्या कारणासाठी वापरला.

चौकीदार रामसजीवन कडुनिंबाखाली खाटेवर बसला होता. त्याला डबा दिला आणि सरळच विचारलं, होज बाहेर कुणी काढले?

“साहब ने ही निकलवाए। हम तो कहे रहे, भीतर ठीक हैं।”

“मग आत ठेवायचं विसरले का?”

“भूलेंगे काहे? रोज आते हैं, रोज पलटवाते हैं। जैसे रोटी सेंकते हों। एक तरफ़ धूप लग गई, तो दूसरी तरफ़।”

काल फिरवलेला होज आज परत फिरवायला लावतो. काल फिरवला हे त्याला आठवत नाही. नानाही असेच, एकच खिडकी दिवसातून दहा वेळा लावायचे.

आणखी एक सांगितलं त्याने. गेल्या आठवड्यात विश्वजितने मुलांकडून एक होज क्रेनने उचलवला, तो एकाच तारेने, बरोबर मध्यावर धरून. दोन्ही टोकं खाली लोंबली आणि मधे कडकन वळ पडला. एक मुलगा म्हणाला, “सर, किताब में तो मना लिखा है.” विश्वजित म्हणाला, “किताब बंद करो और देखो.”

तो वळ मी पाहिला. पाय मुरगळून पडलेल्या जनावरासारखा होज पडला होता. रबर फाटून आतली तार दिसत होती. हा गेला. दुसरे दोघे अजून वाचवण्यासारखे आहेत, थोडी माती, थोडे ओरखडे.

आज मला आठवलं की गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी तो जेवला नव्हता. ऊन लागलं म्हणाला. आपल्या हातून असं काही झालेलं त्याच्या मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्याला कळत असेल का?

घरी येऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवलं. सोमवार, ३ जून. दोघांचं साधं चेकअप म्हणून सांगणार आहे.

शनिवार, २५ मे

विश्वजित आज मुलांची तुकडी घेऊन परीक्षेसाठी दिल्लीला गेला. मंगळवारी रात्री परत येईल. तिथून मुलं आपापल्या घरी, सुट्टीवर जातील.

मी ठरवलं आहे. त्याची चूक कुणाच्या लक्षात यायच्या आत आपण निस्तरायची. कॅप्टन अधूनमधून यार्डात फिरतात. ज्या माणसाने एवढ्या विश्वासाने काम दिलं त्याला हे दिसलं तर? आज दुपारी मी गेले तेव्हा त्यांच्या ऑफिसबाहेर गुजरात नंबरची गाडी उभी होती. दोन पाहुणे होते. कॅप्टन त्यांना होजकडे घेऊन येत होते आणि मी मनातल्या मनात गणपतीचं नाव घेत होते. एक पाहुणा दोन होजपाशी वाकला, मग वळ पडलेल्याकडे बघून मान हलवली. कॅप्टनचा चेहरा उतरला.

“अरे भाभीजी, आप?” मला बघून ते म्हणाले. “देखिए विश्वजित को क्या हो गया है। इतना सलीके वाला आदमी।”

म्हणजे त्यांच्याही लक्षात आलंय. मी म्हणाले, त्याची तब्येत ठीक नाही, मी लावून घेते सगळं. ते म्हणाले, “लगवा दीजिए, बड़ी मेहरबानी होगी.”

सोमवार, २७ मे

दोन दिवस कमरेचा पार काटा ढिला झाला. रामसजीवनने गावाकडचे चार जण आणले. मी त्यांना पट्टे कुठे लावायचे ते दाखवलं, एकदम उचलायला लावलं, कुठे घासू दिलं नाही. अठरा वर्षांपूर्वी नुसतं लांब उभं राहून बघितलेलं सगळं हातात होतं, याचं मलाच नवल वाटलं. दोन्ही चांगले होज धुतले, निथळवले, वाळू काढली, शेडमध्ये ओंडक्यांवर सरळ ठेवले. झाकणं सापडली, ती बसवली. वर माझ्या जुन्या चादरी. तिसरा होता तिथेच राहू दिला.

रामसजीवन म्हणाला, “दुल्हन की तरह सुला दिया, बहूजी।”

हाताला फोड आले आहेत. पण आज पहिल्यांदा नीट झोप लागेल.

बुधवार, २९ मे

तो काल उशिरा आला. आज सकाळी यार्डात गेला आणि तासाभरात परत आला. मी उन्हाळ्याचं वाळवण करायच्या तयारीत होते, कुरडयांचा चीक घोटत होते.

“होज आत कुणी ठेवले?”

“मी.”

तो खुर्चीवर बसला. वाटलं, आता रडेल किंवा चिडेल. मग तो उठला, माझे हात बघितले, कपाटातून मलम आणलं आणि एकेका फोडाला लावत बसला.

“पट्टे किती लावलेस?”

“चार.”

“तार नाही लावलीस?”

“वेडा आहेस का?”

“छान केलंस,” तो म्हणाला. “अगदी छान केलंस, नेत्रा.”

आवाज इतका थकलेला होता की त्याला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. नानांचं, डॉक्टरांचं, सगळं. नाही सांगितलं.

शुक्रवार, ३१ मे

कॅप्टनचा फोन आला. किती कौतुक. “भाभीजी, आपने तो हमारी इज़्ज़त रख ली। कल मेहमान फिर आए थे, दोनों होज पास हो गए। सोमवार को ट्रक आ रहा है, वापस गुजरात जा रहे हैं। कंपनी को ज़रूरत पड़ गई।”

मी म्हटलं, पण ते तर बाद झालेले ना?

“अरे, ऊपर से देखिए, बिल्कुल नए हैं।”

फोन ठेवला आणि तशीच निघाले. शेडमध्ये एक पेंटर उकिडवा बसला होता. माझ्या चादरी बाजूला फेकलेल्या. पत्र्याचा साचा लावून तो होजवर पांढरा नंबर काढत होता, त्याखाली साल. चालू साल.

बाहेरून अगदी नवरदेव.

मी सारंगाच्या हाताची उरलेली तीन बोटं बघत तिथे उभी होते. आतलं अस्तर सुजलेलं. गरम तेल दाबाने आत शिरेल. आणि कुणीतरी खलाशी होजशेजारी उभा असेल, नव्या नंबरावर विश्वास ठेवून.

मग एक दुसरंच उमगलं. होज कापायचे नाहीत हे कॅप्टननी थंडीतच ठरवलं होतं. आणि विश्वजितने मान डोलावली होती. सारंगाबरोबर होज कापायला बसलेला माणूस हा. त्याला काय कळलं नसेल? रविवारी यार्डात जाणं, माझ्या नजरेला नजर न देणं, काळे हात. मी त्याला आजारी समजत होते. तो आजारी नाहीच. तो त्यांच्यात सामील आहे.

रामसजीवनला विचारलं, साहेबांना हे माहीत आहे?

“साहब को सब पता है। वो तो जब बच्चों से तार बँधवाए रहे, तब कहे थे, देख लो अच्छी तरह, ऐसे मारा जाता है।”

त्याचंही काही समजलं नाही. घरी येईपर्यंत स्कूटी दोनदा चुकीच्या गल्लीत वळवली.

शनिवार, १ जून

दुपारी जेवणं झाल्यावर विचारलं. स्वरदा क्लासला गेली होती.

“ते होज परत समुद्रावर जाणार हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“थंडीपासून. खात्री नव्हती. ती गुजरातची गाडी मार्चमध्येही एकदा आली होती.”

“मग कापले का नाहीस?”

“कॅप्टन नको म्हणाले.”

“आणि तू ऐकलंस.”

तो रिकामं ताट बोटाने पुसत राहिला.

“तू त्यांच्यात आहेस का, विश्वजित?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग ताट उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला लागला. ऐन दुपारी. उन्हात झाडांना पाणी घालू नये हेसुद्धा तो विसरला, असं माझ्या मनात आलं, आणि मी तिथून उठून गच्चीवर गेले.

गच्चीवर आज सकाळी घातलेल्या दुसऱ्या घाण्याच्या कुरडया वाळत होत्या. वरून कडक, खालून ओल्या. सवयीने खाली बसले आणि एकेक उलटी करायला लागले. पोळ्या भाजल्यासारख्या. अर्धं कापड झालं असेल आणि हात थांबला.

पोळ्या भाजल्यासारख्या. काल उलटली हे आठवत नाही म्हणून कुणी परत उलटत नाही. उलटायची असते ती दुसऱ्या बाजूला ऊन लागावं म्हणून.

चव्वेचाळीस, छान.

ऐसे मारा जाता है.

मी तशीच चिकट हातांनी खाली आले. तो अजून गॅलरीतच होता, रिकामी झारी घेऊन.

“तू विसरत नव्हतास.”

“काय?”

“होज. तू त्यांना मारत होतास.”

त्याने झारी खाली ठेवली. “आतला दोष कुणी बघत नाही, नेत्रा. परीक्षेचा कागद खोटा मिळतो. बाहेरून दिसेल असं काहीतरी व्हायला हवं होतं. वळ पडलेला, भेगाळलेला होज कुठल्याही जहाजाचा मेट, डेकवरचा अधिकारी, आपल्या डेकवर घेणार नाही, रंग किती का लावा. पहिला तसा झाला. बाकीचे दोघे उन्हातच भेगाळतील असं वाटलं होतं.”

“मुलांना चुकीचं शिकवलंस.”

“चुकीचं केलं की काय होतं ते दाखवलं. तसं सांगून.”

“मला का नाही सांगितलंस?”

“नुसता संशय होता. ज्यांनी आपल्याला उभं केलं त्यांच्यावर. संशय बोलून दाखवला की माणूस तसाच दिसायला लागतो. चुकीचा निघाला असता तर?”

तीन आठवड्यांत मी या माणसावर तीन संशय घेतले आणि तिन्ही नीट तारखा घालून लिहून ठेवले.

“आणि मी दोन दिवसांत त्या दोघांना बरं केलं,” मी म्हटलं.

यावर तो हसला. खरंखुरं, पोटातून. “सारंगानेसुद्धा इतकं नीट केलं नसतं. चार पट्टे! पाहुणे म्हणे शेडमधून हलायला तयार नव्हते.”

मलाही हसू आलं आणि मग एकदम रडू. त्याने मला धरलं. कुरडयांचा चीक त्याच्या शर्टाला लागला.

आता पुन्हा वळ पाडता येणार नाही. मुलं सुट्टीवर गेली, एकट्याने होज हलत नाही. करवत मात्र एकट्याला चालवता येते. त्याच्या बॅगेत दोन नवी पाती आहेत, तेलीबागेच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली. उद्या रविवार, यार्डात कुणी नसतं. रामसजीवनला त्याने गावी पाठवलंय, म्हणजे त्याच्यावर काही येणार नाही. सोमवारी ट्रक येईल तेव्हा दोन्ही होजचे तुकडे पडलेले असतील आणि तो कॅप्टनच्या समोर उभा राहून सांगेल, मी कापले. “त्यांच्या तोंडावर सांगायचं, एवढं मी त्यांचं देणं लागतो,” म्हणाला. मग ही नोकरी नसेल. बहुधा हे घरही. स्वरदाची बारावी इथेच व्हावी असं आमच्या मनात होतं, ते आता बघू. तिला संध्याकाळी थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, “तो काट दो ना पापा,” आणि आपल्या खोलीत गेली. मग दार उघडून परत आली आणि त्याच्या शेजारी टेकून बसली.

डॉक्टरांकडचं नाव रद्द करायचं राहिलंय. करते. त्याने विचारलं, कसलं चेकअप होतं? मी म्हटलं, माझं.

जेवताना त्याने बजावलं, उद्या मी एकटा जाणार, तुम्ही दोघी घरी. कोणी विचारलं तर तुला काही माहीत नव्हतं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

शेडजवळच्या नळाला दुपारनंतर पाणी येत नाही, म्हणून सकाळीच गेलं पाहिजे, हे त्याला माहीत आहे. पण एका हाताने करवत आणि दुसऱ्याने पाणी, असं जमत नाही. पातं तापतं, रबर चिकटतं. त्यांनी कापलं तेव्हा मी पाहिलं आहे. ओतायला दुसरं माणूस लागतंच.

स्कूटीच्या हुकाला बादली अडकवून ठेवली आहे, आत तांब्या. सकाळी तो बूट घालत असेल तेव्हा विचारीन. तो वर न बघताच म्हणेल, तू लांब उभी राहा. अठरा वर्षांत त्याचं उत्तर बदललं असेल असं वाटत नाही. तरी विचारीन: पाणी ओतायला मी येऊ का?